दारावरची पांढरी रेघ

शोरूममध्ये त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मालकांपासून फरशी पुसणाऱ्या बाईंपर्यंत सगळे त्यांना रेघवाले म्हणायचे. हजेरीपटावर सही करताना तेवढी त्यांची आणि त्यांच्या खऱ्या नावाची गाठ पडायची.

रस्ता संपतो तिथून पुढे चालणाऱ्या गाड्या विकायचं ते शोरूम. खाणवाले, जंगलखात्याची माणसं, डोंगरातले दवाखाने, असले त्यांचे ग्राहक. गाडी ताब्यात देण्याआधी ती जुन्या खाणीत नेऊन चढावर, दगडांवर, चिखलात चालवून दाखवायची, हे रेघवाल्यांचं काम. पण त्यांचं नाव झालं ते शेवटच्या दोन मिनिटांमुळे. ग्राहकाच्या हातात किल्ली पडली की ते पांढऱ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन यायचे, ड्रायव्हरच्या दाराशी गुडघे टेकायचे आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला वीतभर लांबीची आडवी रेघ मारायचे. ओढ्यात गाडी घातली की खिडकीतून मान काढून बघायचं. पाणी रेघेच्या खाली आहे तोवर पुढे जायचं, रेघेला टेकलं की मागे फिरायचं. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ती रेघ वाचता यायची.

ही रेघ त्यांनी हवेतून काढली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ती चौकोनी गाडी पहिल्यांदा आली, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, पाणी मांडीएवढं चालेल. रेघवाले तेव्हा तरुण होते आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा त्यांचा पिंडच नव्हता. त्यांनी गाडी खाणीतल्या तळ्यात घातली आणि एकेक बोट खोल नेत राहिले. मांडी गेली, कंबर गेली, कमरेच्या वर चार बोटं पाणी चढलं तेव्हा इंजिन खोकलं. तिथून चार बोटं खाली, बरोबर कमरेशी, त्यांनी रेघ धरली. एका काठीवर तेवढ्या उंचीला खाच पाडली आणि ती काठी कपाटात उभी केली. कंपनी नेहमी कमीच सांगते, असं ते नंतर कुणालाही सांगायचे. त्या रेघेच्या खाली कुणाचं इंजिन बंद पडलं अशी एकही तक्रार बावीस वर्षांत आली नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि असायलाच हवा होता. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणाची मुलं हुशार निघतात, कुणाचा गळा गोड असतो. यांची रेघ होती.

मग कंपनीने गाडी बदलली. कोपरे गेले, गोलाई आली. आधी दार लावलं की अख्ख्या गल्लीला कळायचं, आता ते कुणाची झोप मोडू नये अशा बेताने बंद व्हायचं. आत मऊ खुर्च्या, ताटाएवढा पडदा, मागचं दाखवणारा कॅमेरा. सगळे खुर्च्यांवर बसून बघत होते तेव्हा रेघवाल्यांनी बॉनेट उघडलं. जुन्या गाडीत इंजिनाला हवा ओढून देणारं नळकांडं काचेच्या उंचीला होतं. नव्या गाडीत ते पुढच्या दिव्याच्या मागे, पार खाली आणून बसवलं होतं. त्यात पाणी शिरलं की इंजिन बंद. समोरचं तोंड देखणं करायचं तर त्याला वर जागाच नव्हती. रेघवाल्यांनी पुस्तिका उघडली. सत्तेचाळिसाव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, पाणी गुडघ्याएवढं.

त्यांनी मॅनेजरकडे एक गाडी मागितली, खाणीत उतरवून बघायला. मॅनेजर त्यांच्या निम्म्या वयाचा, त्यांना काका म्हणायचा. तो हसला आणि म्हणाला की कोरी गाडी कुणी बुडवून बघतं का. रेघवाल्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितली. या वेळी तो हसला नाही.

मग मोठ्या ऑफिसातून एक प्रशिक्षक आला. एका दिवसाचं शिबिर, विषय ग्राहकांच्या अपेक्षा कशा सांभाळायच्या. त्याने भिंतीवर मोठ्या अक्षरात दाखवलं की गाडी कमी नाही, लोकांच्या अपेक्षा जुन्या आहेत. ग्राहकाने पाण्याबद्दल विचारलं तर त्याला कॅमेरा दाखवायचा. पुन्हा विचारलं तर घरात माणसं किती ते विचारायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर पुस्तिका हातात द्यायची. कितवं पान ते सांगायचं नाही. "बावीस वर्षं गाड्या सांभाळल्या, आता अपेक्षा सांभाळायच्या," रेघवाले शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. दोघांनी तोंडावर हात ठेवून हसून घेतलं. तोवर ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

ज्यांनी गाडी न बघताच नोंदवली होती त्यांना फोन करायचं काम रेघवाल्यांकडेच आलं. डोंगरातली माणसं त्यांच्या शब्दावर चालतात, मग त्यांनीच सांगितलेलं बरं, असं मॅनेजरचं गणित. यादीत एकतीस जण होते. पहिल्या चौघांना रेघवाल्यांनी सरळ सांगितलं की ही ती गाडी नव्हे, हिला पाण्यात जपा. चौघांपैकी तिघांनी नोंदणी रद्द केली.

मॅनेजरने त्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही मानगुटीवर कुणीतरी बसलेलं होतं. तो समजुतीने म्हणाला की अपेक्षा खाली आणायच्यात हे खरं, पण जमिनीवर आपटायच्या नाहीत. आणि नव्या गाडीवर रेघ मारायची नाही, रंग खराब होतो. शेवटी म्हणाला, दोन वर्षं राहिलीत काका, आनंदात काढा, नाहीतर स्पेअर पार्टच्या गोदामात माणूस हवाच आहे. ते गोदाम तळघरात होतं, तिथे बसणारा माणूस जेवायलासुद्धा वर येत नसे. रेघवाल्यांनी उरलेले सत्तावीस फोन शिकवल्याप्रमाणे केले. गाडी छान आहे, समक्ष या, बसून बघा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्क्या खायला पुढे दुसरेच उभे होते, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. खरं तर आलं असावं.

यादीतलं शेवटचं नाव डोंगरातल्या दवाखान्याचं होतं. दवाखान्याचा ड्रायव्हर म्हणजे रेघवाल्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला गाडी शिकवली रेघवाल्यांनीच, त्याच खाणीत. चौदा वर्षं तो आणि दवाखान्यातल्या नर्सबाई पेशंटला घेऊन डोंगर उतरत होते. वाटेत एक ओढा होता, त्याच्यावर पूल नव्हता. पुलाचं आश्वासन होतं, पण आश्वासनावरून गाडी जात नाही. मेहुणा मितभाषी, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. दुसऱ्या कुणी पाण्याबद्दल फुशारकी मारली तर मात्र तो एवढंच म्हणायचा की आमच्या भाऊजींची रेघ आहे, आम्ही रेघेने चालतो.

गाडी ताब्यात घ्यायला तो इस्त्रीचा सदरा घालून आला. जुनी चौकोनी गाडी बदल्यात दिली होती, ती वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला नेऊन उभी केली. मॅनेजरने किल्ली दिली, फोटो काढला, टाळ्या झाल्या. नोंदणी केलेले आणखी दोन ग्राहक कौतुकाने बघत उभे होते. सगळं आटोपलं तेव्हा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, रेघ राहिली की."

मॅनेजरचं हसू जागच्या जागी राहिलं. रेघवाले डबा आणायला गेले, कारण नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. दाराशी गुडघे टेकले तेव्हा मॅनेजर त्यांच्या कानाशी वाकून पुटपुटला की मारायचीच असेल तर मारा, पण पार खाली नको, ते दोघं बघतायत. इकडे आड, तिकडे विहीर. पुस्तिकेप्रमाणे गुडघ्याशी रेघ मारली असती तर शोरूममधल्या सगळ्यांना न बोलता सगळं कळलं असतं. जुन्या खाचेने कमरेशी मारायची तर हात धजत नव्हता. मग त्यांना आपलाच नियम आठवला. कंपनी नेहमी कमीच सांगते. मागे मांडी सांगितली आणि निघाली कंबर. आता गुडघा सांगितलाय, म्हणजे मांडी असणार. तो हिशेब त्या घडीला त्यांना अगदी बिनचूक वाटला. त्यांनी मांडीशी रेघ मारली.

मेहुणा वाकून बघत होता. "बरीच खाली आली, भाऊजी."

"नवी गाडी आहे. जपून चालव."

"तुम्ही उतरवून बघितलीत ना?"

हा प्रश्न त्याने चौदा वर्षांपूर्वीही विचारला होता. तेव्हा रेघवाल्यांनी अर्धा तास तळ्याची गोष्ट रंगवून सांगितली होती. या वेळी ते ब्रश पुसत म्हणाले, "हो."

त्यानंतर चार महिने गेले. या चार महिन्यांत रेघवाल्यांनी मेहुण्याला फोन करायचं किती वेळा ठरवलं ते त्यांचं त्यांना माहीत. एकदा नंबर लावलासुद्धा. पण पलीकडून मेहुणा गाडीचं कौतुक करायला लागला, पेशंटला आता धक्के बसत नाहीत, नर्सबाई खूश आहेत. रेघवाले म्हणाले, बरं आहे मग, आणि फोन ठेवला. हिवाळा होता, ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. घाई काय आहे, असं मनाला सांगणं सोपं होतं.

मग एका सकाळी डोंगरावर अवेळी जोराचा पाऊस झाला. दुपारी बाराच्या सुमारास मेहुणा दम्याच्या एका म्हाताऱ्याला घेऊन ओढ्याशी आला. मागे नर्सबाई म्हाताऱ्याच्या नाकाशी नळी धरून बसल्या होत्या. तो थांबला, उतरला, काठी घालून पाणी बघितलं. ते मांडीच्या आत होतं. त्याने गाडी घातली, मधोमध गेल्यावर मान काढून रेघ बघितली, रेघ कोरडी होती. तिथेच इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. किल्ली फिरवली, पडद्यावर लाल अक्षरं आली, बाकी काही झालं नाही. पाणी वाढत होतं. त्याने म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन काठाला नेलं. नर्सबाईंना म्हणाला, बसून राहा, मी आलोच. तो परत पाण्यात उतरला तेव्हा गाडी फिरून खडकांवर आडवी झाली होती आणि मागचं दार उघडं होतं. नर्सबाई दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडल्या. तेव्हापासून त्या म्हाताऱ्याने मेहुण्याशी एक शब्द काढला नाही. मला का वाचवलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

गाडी ओढून वर्कशॉपमध्ये आणली ती रेघवाल्यांनी सगळ्यांच्या आधी जाऊन बघितली. पाणी वाढून गाडी आडवी झाली तेव्हा ड्रायव्हरची बाजू वर आली होती, त्यामुळे त्या दारावर पुढे पाणी चढलंच नव्हतं. इंजिन बंद पडलं त्या वेळचा चिखलाचा काठ जसाच्या तसा वाळलेला होता. त्यांनी रेघेखाली बोटं लावली. एक, दोन, तीन. पाणी रेघेच्या तीन बोटं खाली होतं. मेहुण्याने रेघ ओलांडली नव्हती. त्याने सांगितलं तेवढंच केलं होतं.

कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येणार होता. मॅनेजर दाराशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "काका, ही रेघ कंपनीची नाही. तुमची आहे. राहिली तर नाव तुमचं येईल."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. मॅनेजर थिनरची बाटली कट्ट्यावर ठेवून गेला. रेघवाल्यांनी चिंधी घेतली. भीतीपोटी केलं असं त्यांनी पुढे कबूल केलं, आणि मीही त्याला दुसरं नाव देणार नाही. चिखलाचा काठ त्यांनी हात न लावता ठेवला, फक्त रेघ पुसली. चार वेळा पुसावं लागलं, त्यांचं काम कच्चं नव्हतं.

इंजिनिअरने टेपने चिखलाचा काठ मोजला, पुस्तिकेचं सत्तेचाळिसावं पान उघडलं आणि लिहिलं की ड्रायव्हरने मर्यादा ओलांडली. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. ड्रायव्हरला माहिती दिली होती का, असं त्याने रेघवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, पुस्तिका दिली होती. दवाखान्याने मेहुण्याला घरी बसवलं आणि नर्सबाईंच्या मृत्यूची चौकशी लावली.

रेघवाल्यांच्या घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल आणि टेलिफोन, आत स्वयंपाक. बायको रोज संध्याकाळी भावाला फोन लावायची आणि रेघवाले टेबलापाशी पेपर धरून बसायचे. पहिले काही दिवस भाऊ ठामपणे सांगायचा की पाणी रेघेखाली होतं. मग म्हणायला लागला, तसं वाटलं होतं. मग म्हणायला लागला, घाईत चुकलं असेल, मान नीट काढली नसेल. नर्सबाईंची मुलगी त्याला बाजारात दिसली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली, त्या दिवसापासून तो धड जेवत नव्हता. एका संध्याकाळी बायकोने फोन ठेवला आणि विचारलं, "तुम्ही गाडी बघितलीत. रेघेच्या वर होतं का हो पाणी?"

"चिखल होता. नीट दिसलं नाही."

ती आत गेली. बावीस वर्षांत पाण्याबद्दल नीट दिसलं नाही असं ते कधी म्हणाले नव्हते, हे तिला माहीत होतं.

पंधराव्या दिवशी मेहुणा स्वतःच वर्कशॉपमध्ये आला. दाढी वाढलेली, तोच इस्त्रीचा सदरा, पण इस्त्री नव्हती. म्हणाला, एकदा दार बघू द्या, माझं मला कळू दे. गाडी कोपऱ्यात होती. तो दाराशी बसला, रेघ शोधली. मग चिखलाच्या वर त्याने अंगठा फिरवला. तिथला रंग जरा फिका झाला होता. त्याने मान वळवली. मागच्या भिंतीला त्याची जुनी चौकोनी गाडी उभी होती, चाकं बसलेली, पत्रा गंजलेला. चौदा वर्षांचा ओढा अंगावरून गेला होता, आणि दारावर रेघ अजून पांढरीधोप होती.

"तुमची रेघ पाण्यानं कधी गेली नाही, भाऊजी," तो म्हणाला.

रेघवाल्यांना एखादी सबब सुचली असती. पण ते थकले होते. "तीन बोटं खाली होतं पाणी," ते म्हणाले. "तुझं चुकलं नाही."

मेहुण्याने डोळे मिटले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याने पुरता श्वास घेतला असावा. मग त्याने डोळे उघडले, कारण त्या वाक्याची दुसरी बाजू त्याच्या लक्षात आली होती. "म्हणजे तुम्ही उतरवून बघितली नव्हती," तो म्हणाला. तो उठला, गुडघे झटकले आणि निघून गेला.

चौकशीच्या दिवशी रेघवाले न बोलावता गेले. शोरूममध्ये राजीनामा ठेवूनच गेले. लांब टेबल, तीन माणसं, एक फाईल. त्यांनी सगळं सांगितलं. नळकांडं, पान सत्तेचाळीस, मांडीशी मारलेली रेघ, 'हो' म्हणून मारलेली थाप, थिनर. स्वतःच्या विरुद्ध एवढं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते. मधल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती रेघ कुठे आहे ते विचारलं. पुसली, रेघवाले म्हणाले. कुणी पुसली? मी. कुणी बघितली होती? शोरूममधल्या माणसांनी. पण मॅनेजरने आधीच लिहून दिलं होतं की नव्या गाडीवर रेघ मारायची पद्धतच नाही, आणि त्या दोन ग्राहकांनी गाड्या घेऊन टाकल्या होत्या, त्यांना काही आठवत नव्हतं. अधिकाऱ्याने फाईलमधून किल्ली देतानाचा फोटो काढून पुढे सरकवला. मेहुणा हसत होता, मॅनेजर हसत होता, मागे दार स्वच्छ होतं. फोटो रेघ मारायच्या आधीचा होता.

"ड्रायव्हर तुमचे कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मेहुणा."

त्याने फाईल मिटली. आवाजात राग नव्हता, उलट थोडी माया होती. "समजतं आम्हाला," तो म्हणाला. "घरचा माणूस आहे."

बावीस वर्षं ज्यांच्या शब्दावर लोक पाण्यात गाडी घालत होते, त्यांच्या शब्दाची किंमत एका चिंधीबरोबर गेली होती. बैल गेला आणि झोपा केला, असं रेघवाले दुसऱ्यांना म्हणायचे. बाहेर व्हरांड्यात बाकावर मेहुणा बसला होता. रेघवाल्यांनी आत काय झालं ते त्याला सांगितलं, काही लपवलं नाही.

मेहुणा बाकावरून उठला. मग म्हणाला, "आता नर्सबाईंच्या मुलीला सांगा. ती फोटो मागणार नाही."

तिचं घर तिथून तिसऱ्या गल्लीत होतं. दोघं चालत गेले, मेहुणा पुढे, रेघवाले चार पावलं मागे. मेहुण्याने कडी वाजवली. दार मुलीनेच उघडलं, मेहुण्याला बघून ती दार लावायला लागली. मेहुण्याने दाराला हात लावला नाही. तो फक्त बाजूला झाला, तिला मागचा माणूस दिसावा म्हणून.